‘एक’ म्हणजे किती व्होल्ट? : सीमाभागातील एका तांत्रिक प्रश्नाची मराठी मांडणी

साहित्याच्या प्राध्यापकाने इलेक्ट्रॉनिक्सवर लेख लिहावा, यामागचे कारण आरंभीच सांगितले पाहिजे. बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुरगी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी गावे मोठ्या संख्येने आहेत आणि मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. या शाळांतून दहावी झालेली मुले पॉलिटेक्निकला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. कलबुरगीत १९५८ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बिदर आणि भालकी येथेही गेली चार दशके ती सोय आहे. शिक्षणाची दारे अशी जवळ आली. पण त्या दारातून आत जाताना मुलांचे शास्त्र एकदम इंग्रजीत जाते. दहावीपर्यंत ‘विभवांतर’, ‘विद्युतधारा’, ‘रोध’ म्हणणारा विद्यार्थी पुढच्याच वर्षी हे शब्द टाकून देतो. नवे शब्द तो पाठ करतो, परंतु त्यांनी विचार करायला त्याला वेळ लागतो.

अशी काही मुले प्रकल्प-अहवालाची भाषा तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. एका गटाने शेतातील विहिरीची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करण्याचे यंत्र केले होते. विषय नवा नव्हता. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे याच कामाचे उपकरण शेतकऱ्यांत परिचित आहे. मुलांना ते स्वतःच्या हाताने आणि कमी खर्चात करून पाहायचे होते. प्रयोगशाळेत यंत्र चालले. शेतावर नेले की कधी चाले, कधी मुकाट बसे. अहवालात एक वाक्य होते: दोन भागांची व्होल्टेज जुळावीत म्हणून लेव्हल शिफ्टर वापरला आहे. ‘लेव्हल शिफ्टर म्हणजे काय करता, ते मराठीत सांगा,’ असे मी म्हटले. चौघेही गप्प झाले. ते वाक्य सांगता येणे आणि यंत्रातला दोष सापडणे या दोन गोष्टींचा जवळचा संबंध होता, असे पुढे दिसून आले. तो संबंध उलगडून दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन अक्षरांची लिपी

डिजिटल परिपथाची लिपी दोन अक्षरांची असते: शून्य आणि एक. तारेवर मात्र शून्य नसते आणि एकही नसतो; तारेवर असते ते केवळ व्होल्टेज. ते ०.२ असू शकते, १.७ असू शकते, ४.९ असू शकते. त्यातले कोणते ‘शून्य’ आणि कोणते ‘एक’ हे तार ठरवत नाही. पाठवणारी चिपसुद्धा ते पूर्णपणे ठरवत नाही. अखेरचा निर्णय घेणाऱ्या चिपचा असतो.

प्रत्येक चिपच्या माहितीपत्रकात याविषयी चार आकडे दिलेले असतात. दोन आकडे देणाऱ्याच्या हमीचे असतात: मी ‘एक’ म्हणेन तेव्हा किमान इतके व्होल्ट देईन, आणि ‘शून्य’ म्हणेन तेव्हा याहून जास्त देणार नाही. दोन आकडे घेणाऱ्याच्या अपेक्षेचे असतात: याच्या वर असेल तर ‘एक’ समजेन, त्याच्या खाली असेल तर ‘शून्य’ समजेन. मधल्या पट्ट्यात काय समजेन याची मात्र हमी देत नाही.

या सीमेला मराठीत ‘उंबरठा’ हा शब्द नेमका बसतो. दारात उभा असलेला माणूस आत आला की नाही, हे उंबरठा ओलांडण्यावरून ठरते. वर्गात मी हा शब्द वापरला तेव्हा कन्नड भाषक मुलांनी लगेच ‘होस्तिलु’ म्हटले आणि मागच्या बाकावरून ‘दहलीज’ असेही आले. चार भाषांच्या या मुलखात एक शब्द कळला की बाकीचे आपोआप जवळ येतात.

आता आकड्यांकडे वळू. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९६० च्या दशकात ७४०० या क्रमांकाने ओळखले जाणारे तर्क-परिपथ बाजारात आणले. त्यांचा पुरवठा ५ व्होल्टचा होता. या घराण्याला टीटीएल म्हणतात. त्यातला देणारा ‘एक’साठी किमान २.४ व्होल्ट देतो आणि घेणारा २.० व्होल्टच्या वर ‘एक’ मानतो. ‘शून्य’साठी देणारा ०.४ च्या वर जात नाही आणि घेणारा ०.८ पर्यंत ‘शून्य’ मानतो. दोन्ही बाजूंना ०.४ व्होल्टची जागा मोकळी राहते. तिला मी ‘सवड’ म्हणतो. तारेवर थोडा गोंगाट आला, जोड थोडा सैल पडला, तरी ही सवड असेपर्यंत अर्थ बिघडत नाही.

सगळी घराणी मात्र टीटीएलसारखी नसतात. ७४एचसी या मालिकेतील चिप ५ व्होल्टवर चालवली तर तिचा ‘एक’चा उंबरठा साधारण ३.५ व्होल्टवर असतो, कारण तो पुरवठ्याच्या सुमारे ७० टक्क्यांवर ठरवलेला आहे. नावात फक्त एक ‘टी’ वाढलेल्या ७४एचसीटी मालिकेचा उंबरठा ५ व्होल्टच्या पुरवठ्यावरही २.० व्होल्टच राहतो. शुद्धलेखनात एका वेलांटीने ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे होतात. येथे एका अक्षराने दीड व्होल्टचा फरक पडतो. दुकानदाराने ‘तेच आहे, घेऊन जा’ म्हटले तरी विद्यार्थ्याने हे अक्षर वाचूनच माल घ्यावा.

पाच असताना ३.३ कशाला?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. चिपमधील एखादी रेषा सतत शून्य-एक करत असते तेव्हा तिला लागणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ५ ऐवजी ३.३ व्होल्ट वापरले तर बाकी सारे तेच राहून ती शक्ती सुमारे ४४ टक्क्यांवर येते, १.८ व्होल्ट वापरले तर सुमारे १३ टक्क्यांवर. चिपमधील भाग जसे लहान झाले तसे त्यांतील आवरणाचे थरही पातळ झाले आणि जुना दाब त्यांना सोसेना. या दोन्ही कारणांनी नव्या चिपा खालच्या व्होल्टेजवर आल्या. जुन्या चिपा मात्र वर्गात, दुकानात आणि सुट्या भागांच्या डब्यात राहिल्या. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मुलांनी वापरलेले सिम८००एल हे मोबाईल-मॉड्यूल तर आणखी खाली, सुमारे २.८ व्होल्टवर बोलते.

दोन पिढ्या एका घरात राहतात तेव्हा एकमेकींच्या बोलण्याची पातळी सांभाळावी लागते. येथे दोन दिशांना दोन वेगळे धोके आहेत आणि ते वेगळे ओळखणे हीच दोष शोधण्याची पहिली पायरी आहे.

वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे जाताना धोका इजेचा असतो. ५ व्होल्टचा ‘एक’ ३.३ व्होल्टच्या चिपला ‘एक’ म्हणून व्यवस्थित कळतो, पण तो तिला सोसवत नाही. अर्थ पोहोचतो आणि शरीराला मार बसतो. चिप लगेच मरेल असे नाही; काही दिवस चालून मग बिघडते, त्यामुळे कारण ध्यानात येत नाही.

खालून वर जाताना धोका गैरसमजाचा असतो. २.८ किंवा ३.३ व्होल्टने ५ व्होल्टच्या चिपला काहीच इजा होत नाही. परंतु तो ‘एक’ तिच्या उंबरठ्याच्या आत येतोच असे नाही. येथे काही जळत नाही, धूर निघत नाही. यंत्र केवळ अधूनमधून चुकीचे ऐकते.

पातळी बदलण्याच्या तीन रीती

बिदरजवळच्या नौबाद येथील बहामनी काळातील भुयारी जलमार्ग, ज्याला करेज किंवा सुरंग बावी म्हणतात, अनेकांनी पाहिला असेल. त्यात पाणी केवळ उताराने वाहते. खाली जायला त्याला कोणाची मदत लागत नाही. वर चढवायचे असेल तर मोट हवी, म्हणजे बाहेरची शक्ती हवी. व्होल्टेजचेही तसेच आहे.

पहिली रीत उताराची. दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून मधल्या जोडावरून खालचे व्होल्टेज घेतात. देणाऱ्याकडून येणारा रेझिस्टर १ किलोओहमचा आणि ग्राउंडकडे जाणारा २ किलोओहमचा असेल, तर ५ व्होल्टचे मधल्या बिंदूवर ३.३३ व्होल्ट होतात. एकाच दिशेच्या, फार वेगवान नसलेल्या संदेशाला ही रीत पुरते. तिने खालून वर मात्र कधीही जाता येत नाही.

दुसरी रीत मोटेची. ५ व्होल्टचा पुरवठा दिलेली ७४एचसीटी१२५ सारखी चिप मध्ये बसवतात. ती २.० च्या उंबरठ्याने ऐकते आणि ५ व्होल्टच्या पातळीवर तेच पुन्हा सांगते. दुभाषा करतो तेच काम ही चिप करते: ऐकायचे एका भाषेत, बोलायचे दुसऱ्या भाषेत, आणि आपल्या पदरचे काही घालायचे नाही.

तिसरी रीत दोन्ही दिशांच्या रेषेसाठी असते. काही सेन्सर एकाच तारेवर बोलतात आणि ऐकतात. आय-टू-सी ही पद्धत त्यांपैकीच. तेथे बीएसएस१३८ सारखा एक छोटा मॉसफेट आणि दोन पुल-अप रेझिस्टर वापरतात. मॉसफेटचे गेट खालच्या पुरवठ्याला, सोर्स खालच्या बाजूच्या तारेला, ड्रेन वरच्या बाजूच्या तारेला. कोणीच बोलत नसेल तेव्हा मॉसफेट बंद असतो आणि पुल-अप आपापल्या बाजूची तार आपापल्या पातळीला धरून ठेवतात. खालच्या बाजूने तार शून्यावर ओढली की गेट आणि सोर्स यांत फरक पडतो, मॉसफेट उघडतो आणि वरची तारही खाली येते. वरच्या बाजूने ओढली तर मॉसफेटच्या आतला डायोड आधी वाहतो, सोर्स खाली येतो आणि मग मॉसफेट उघडतो. या रचनेत ‘एक’ कोणीच पाठवत नाही. ‘शून्य’ पाठवले जाते; ‘एक’ म्हणजे तार सोडून देणे. मौनालाही अर्थ असतो हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

शेतावरचा दोष

आता मुलांच्या यंत्राकडे येऊ. आर्डुइनोकडून मॉड्यूलकडे जाणाऱ्या तारेवर त्यांनी १ आणि २ किलोओहमची जोडी लावली होती, कारण ३.३ व्होल्टच्या उपकरणासाठी तीच सर्वत्र दिलेली असते. हे मॉड्यूल मात्र २.८ व्होल्टचे, त्याच्या पिनेला ३.१ च्या वर देऊ नये असे त्याचे माहितीपत्रक सांगते. म्हणजे त्या बाजूला इजेचा धोका होता. उलट दिशेची तार त्यांनी सरळ जोडली होती. ‘खालून वर काही जळत नाही’ हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. प्रश्न जळण्याचा नव्हताच. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी ही चिप पुरवठ्याच्या ६० टक्क्यांवर ‘एक’ नक्की मानते. ५ व्होल्टला ते ३.० व्होल्ट होतात. मॉड्यूल देणार २.८. सवड राहिली उणे ०.२ व्होल्ट.

मग प्रयोगशाळेत यंत्र चालले कसे? माहितीपत्रकातील आकडा हमीचा असतो. चिप प्रत्यक्षात त्याच्या थोडे आधीही ‘एक’ वाचते. शिवाय प्रयोगशाळेत आर्डुइनोला लॅपटॉपच्या यूएसबीमधून पुरवठा होता. लांब केबलमुळे तो ४.७ व्होल्ट भरला. त्याच्या ६० टक्के म्हणजे २.८२, उंबरठाच खाली आला होता. शेतावर चांगला ॲडॉप्टर लावला, पुरवठा पूर्ण ५ व्होल्ट झाला आणि उंबरठा वर गेला. त्यात स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरचा विद्युत-गोंगाट आला. सवड नसलेल्या तारेवर एवढे पुरेसे होते.

गावातल्या जाणत्या वायरमनने निदान केले होते: ‘करंट कमी पडतोय.’ म्हणून आणखी मोठा ॲडॉप्टर आणला गेला. तो मोजल्यावर ५.२ व्होल्ट भरला, उंबरठा ३.१२ वर गेला. औषधाने आजार वाढला. वायरमनचा अनुभव खोटा नव्हता. आमच्याकडे दिवा मंद झाला, पंखा संथ फिरला, मोटर कण्हू लागली, तरी एकच शब्द वापरतात: ‘करंट’. दाब कमी आणि प्रवाह कमी या दोन घटनांना एकच शब्द असल्यामुळे निदान एकाच दिशेला जाते. अर्थात या मॉड्यूलबाबत त्या शब्दातही अर्धे सत्य होते. संदेश पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. पुरवठा तेवढा देऊ शकला नाही तर ते स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होते. लक्षण तेच, ‘यंत्र ऐकत नाही’. कारणे मात्र दोन. वेगळ्या शब्दांवाचून ती वेगळी करता आली नसती.

उपाय साधा निघाला. खाली जाणाऱ्या तारेवर २ किलोओहमच्या जागी १.२ किलोओहम लावला. ५ व्होल्टचे सुमारे २.७३ झाले. मॉड्यूल २.१ च्या वर ‘एक’ मानते आणि ३.१ पर्यंत सोसते, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा राहिली. वर येणाऱ्या तारेवर ७४एचसीटी१२५ बसवली, २.० च्या उंबरठ्यासमोर २.८ म्हणजे ०.८ व्होल्टची सवड मिळाली.

यात पणाला काय लागले होते हे शेतकऱ्याला विचारावे. शेतीपंपाला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि ती अनेकदा रात्रीची असते. मोटर चालू करायला अंधारात बांधावरून जावे लागते. यंत्राने ‘बंद’ कळवले आणि मोटर चालूच असली, तर कोरड्या विहिरीत ती जळते. त्याहून वाईट म्हणजे, बंद समजून कोणी वायरीला हात लावला तर जीव जातो. एका चुकीच्या वाचलेल्या ‘एक’ची ती किंमत आहे. म्हणूनच यंत्राने काहीही सांगितले तरी मेन स्विच काढल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही, हा नियम अहवालाच्या पहिल्या पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहायला मी मुलांना सांगितले.

दोष शोधण्याचा क्रम

या कामातून जो क्रम आमच्या हाती आला तो शिक्षकांना उपयोगी पडेल. सर्व मोजमापे स्टार्टरपासून यंत्र वेगळे करून, फक्त कमी व्होल्टेजच्या बाजूवर करावीत.

१. आधी कागदावर आकडे मांडावेत. प्रत्येक तारेसाठी देणारा कोण, घेणारा कोण, देणाऱ्याची हमी किती, घेणाऱ्याचा उंबरठा किती आणि सोसण्याची कमाल मर्यादा किती, हे एका ओळीत लिहावे. अर्धे दोष येथेच सापडतात.

२. दोन्ही भागांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले आहे का, ते पाहावे. उंची मोजायची तर दोघांनी एकाच जमिनीपासून मोजली पाहिजे. हे ग्राउंड म्हणजे शेतातली अर्थिंगची सळई नव्हे. परिपथाचा तो सामाईक शून्यबिंदू आहे. दोन्हींसाठी ‘अर्थ’ हा एकच शब्द वापरला की हमखास घोटाळा होतो.

३. पुरवठा प्रत्यक्ष मोजावा. ॲडॉप्टरवर छापलेला आकडा प्रमाण मानू नये. संदेश जात असतानाही मोजावा.

४. सिरियल तार शांत असताना मोजावी. कोणी बोलत नसताना ही तार ‘एक’वर असते, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवरही ‘एक’ची खरी पातळी दिसते. मग इंग्रजी मोठ्या लिपीतील ‘यू’ हे अक्षर सतत पाठवावे. त्यात शून्य आणि एक आळीपाळीने येतात, म्हणून मीटरवर सुमारे निम्मे व्होल्टेज दिसले पाहिजे. निम्म्याहून बरेच जास्त दिसले तर ‘शून्य’ पुरते खाली येत नाही असे समजावे.

५. मॉड्यूलचा पुरवठा काढला तरी त्याचा दिवा मंद जळत असेल, तर सिग्नलच्या तारेतून त्याला मागच्या दाराने वीज मिळते आहे. इजेच्या धोक्याची ही स्पष्ट खूण आहे.

६. मॉसफेटची रीत वापरली असेल तर बाजू उलट झाल्या नाहीत ना, हे पाहावे. सोर्स चुकून वरच्या बाजूला गेला तर आतल्या डायोडमधून खालची तार वर ओढली जाते. ३.३ व्होल्टच्या बाजूला चार व्होल्टच्या वर दिसू लागले की हा संशय घ्यावा.

७. जवळ चालते आणि लांब तारेवर चालत नाही, किंवा सावकाश चालते आणि वेगात चालत नाही, असे असेल तर पुल-अपकडे पाहावे. १० किलोओहमचा पुल-अप आणि तारेची १०० पिकोफॅरड धारकता यांचा गुणाकार १ मायक्रोसेकंद होतो. तार खालून वर चढायला त्याच्या दुपटीहून थोडा अधिक वेळ घेते. ९६०० बॉडच्या सिरियल संदेशात एका अक्षरखुणेला १०४ मायक्रोसेकंद मिळतात, तेथे हे खपते. आय-टू-सीच्या ४०० किलोहर्ट्झ वेगात चढायला जास्तीत जास्त ०.३ मायक्रोसेकंदाची मुभा आहे, तेथे २.२ किलोओहमच्या आसपासचा पुल-अप आणि आखूड तार हवी.

८. ७४एचसीटी१२५ वापरली असेल तर तिची परवानगीची पिन ग्राउंडला जोडलेली आहे का, ते तपासावे. ती मोकळी राहिली तर दुभाषा हजर असूनही बोलेल याचा भरवसा नाही.

शब्दांचा प्रश्न

आधुनिक तंत्रशिक्षण आपल्या भाषेत देणे या मुलखाला नवीन नाही. बिदर आणि कलबुरगी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली, त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते उभे केले आणि विज्ञानाचीही पुस्तके तयार करवून घेतली. येथील सामान्य मराठी-कन्नड मुलांची ती घरची भाषा नव्हती, आणि १९४८ नंतर तो प्रयोग संपला. भारतीय भाषेत अभियांत्रिकी शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने देऊन ठेवले आहे. अलीकडे, २०२१ मध्ये, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी आणि कन्नडसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. सीमाभागातल्या मराठी मुलाला तिचा लगेच लाभ होईल असे दिसत नाही. तो इंग्रजीतच शिकणार आणि कन्नड मुलांबरोबरच बसणार. त्यात वावगे काही नाही.

माझी मागणी त्यामुळे माफक आहे. सगळे शब्द मराठी करावेत असे मी म्हणत नाही. मॉसफेट, पुल-अप, मॉड्यूल हे शब्द तसेच राहू द्यावेत; दुकानात तेच चालतात. परंतु ज्या शब्दांनी विचार करायचा ते शब्द विद्यार्थ्याच्या आतले असावेत. या विषयात मला ते पाच वाटतात: दाब, प्रवाह, पातळी, उंबरठा आणि सवड. दाब आणि प्रवाह वेगळे झाले की ‘करंट कमी’ या निदानातला गोंधळ सुटतो. पातळी आणि उंबरठा वेगळे झाले की देणारा काय म्हणाला आणि घेणाऱ्याने काय ऐकले हे दोन प्रश्न वेगळे होतात. सवड कळली की ‘चालते आहे’ यावर विद्यार्थी समाधान मानत नाही. ‘किती अंतर राखून चालते आहे’ असे विचारतो.

मराठीच्या शिक्षकांना यात काम आहे. दहावीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतील परिभाषा आणि पुढच्या इंग्रजी संज्ञा यांची दोन पानांची जोड-यादी प्रत्येक शाळेला स्वतः करता येईल. महाविद्यालयांनी प्रकल्प-अहवालाला एक मराठी किंवा कन्नड पान जोडायला सांगावे: यंत्र काय करते, कुठे बिघडू शकते, बिघडल्यास आधी काय पाहावे. हे पान विद्यार्थ्याने वर्गाबाहेरच्या माणसासाठी लिहावे. लेखकांना एवढेच सांगेन की असे पान नीट लिहिणे ललित गद्याइतकेच कसाचे काम आहे. वाक्यात एक क्रियापद ढिले पडले तर वाचणाऱ्याच्या हातात चुकीची तार येते.

त्या मुलांनी अहवालाला असे पान जोडले. ‘सवड’ हा शब्द माझ्याकडून गेला. ‘दुभाषा चिप’ हा त्यांनी स्वतः केला. ते यंत्र सध्या ज्या शेतावर आहे तेथील शेतकऱ्याने त्या पानाची झेरॉक्स स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.